मदत हवी आहे: वर्डस्टारमधला मराठी मजकूर युनिकोडात आणताना इंग्रजी शब्दांची शेपटं बिघडतात

तळ्याकाठी

माझ्या काकांनी नव्वदच्या आसपास गावाचा इतिहास पीसीवर टाइप करून ठेवला होता. डॉस, वर्डस्टार ४ (तेव्हाचा लेखनाचा प्रोग्राम) आणि मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पीसीवर भारतीय लिप्या चालवणारं). फ्लॉप्या वाचून झाल्यात, फायली शाबूत आहेत.

डॉसच्या फाइल-व्ह्यूअरमध्ये उघडलं की नुसत्या रेघा, चौकटींचे कोपरे आणि अधूनमधून ग्रीक अक्षरं. हे का ते समजलंय: इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाण कोडात) क म्हणजे १७९, आणि आयबीएम पीसीच्या मूळच्या ४३७ नंबरच्या कोडपेजात (कुठल्या आकड्याला कुठलं चिन्ह ते सांगणाऱ्या कोष्टकात) १७९ ला उभी रेघ आहे. क ते ह (१७९ ते २१६) सगळी व्यंजनं नेमकी चौकटी आखायच्या चिन्हांवर जाऊन बसतात. हलन्त २३२, म्हणजे तिकडचा ग्रीक फाय.

पण हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक मराठी चिन्हाच्या आधी २७ आणि नंतर २८ आहे. 'मराठी' हा पाच बाइटांचा शब्द पंधरा बाइट खातो! एका प्रतीतून सगळे २७-२८ काढले आणि पॉवरशेलमध्ये विंडोजचं ५७००२ कोडपेज (देवनागरी इस्की) लावलं. मराठी झकास आली. इंग्रजी शब्दांचं मात्र शेवटचं अक्षर बिघडतं. रोमन लिपीतल्या 'पुणे'चा शेवटचा ई जाऊन ओकाराची मात्रा येते, 'गॅझेटियर'च्या शेवटी १, 'डिस्ट्रिक्ट'च्या शेवटी ३. इंग्रजी संदर्भ शेकड्यांनी आहेत, हाताने सुधारणं अशक्य. फाइल खराब झाली असेल का?

मोरपंखी

श्रीलिपीचे (जुन्या मराठी फॉन्टांचे) कन्व्हर्टर मिळतात की ऑनलाइन. त्यातलं एखादं लावून बघा.

फ्लॉपीवाला

मोरपंखी, नको. ते फॉन्टवर आधारलेल्या मजकुरासाठी असतात, तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. इस्कीत ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. युनिकोडमध्येही तसंच आहे, कारण त्यातला देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच बेतला.

तळ्याकाठी, फाइल ठणठणीत आहे. काकांनी ती डॉक्युमेंट मोडमध्ये (मेन्यूतलं डी) केलेली दिसते. एन दाबून नॉन-डॉक्युमेंट केली असती तर हा व्याप नव्हता, पण मग समासबिमास जुळवायची सोय गेली असती.

वर्डस्टार १९७८ चं, सीपी/एम या डॉसच्या आधीच्या प्रणालीवरचं. आस्की (इंग्रजी अक्षरांचा कोड) सात बिटांचं, बाइटातला आठवा बिट मोकळा, म्हणून त्यांनी तो स्वतःच्या खुणांसाठी वापरला. शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवायचे, म्हणजे ओळ ताणताना शब्द कुठे संपतो ते कळतं. इंग्रजी ई १०१, त्यात १२८ मिळवले की २२९, आणि इस्कीत २२९ म्हणजे ओकार. आर ११४, म्हणून २४२, म्हणजे देवनागरी १. टी तसाच २४४, म्हणजे ३.

आठवा बिट असा अडकल्यावर १२७ च्या पुढची खरी अक्षरं साठवायची कशी? त्यासाठी ती २७ आणि २८ ची जोडी. म्हणून ती आधी काढू नका! अस्सल मराठी कुठली आणि खूण लावलेलं इंग्रजी कुठलं, हे सांगणारी फाइलमध्ये तेवढीच गोष्ट आहे.

मूळ प्रतीवर बाइट-बाइट पुढे जा. २७ दिसला की पुढचा बाइट इस्की म्हणून घ्या आणि त्यानंतरचा २८ सोडून द्या. जोडीबाहेर १४१ आणि लगेच १० आला तर तो वर्डस्टारने आपणहून तोडलेल्या ओळीचा शेवट, तिथे एक स्पेस टाका. खरा परिच्छेद १३-१० ने संपतो. हे झाल्यावरच जोडीबाहेरच्या उरलेल्या मोठ्या आकड्यांतून १२८ वजा करा, नाहीतर १४१ चे १३ होतील आणि सगळे परिच्छेद चिरफाळतील. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी छपाईच्या आज्ञा असतात, त्या गाळा. शेवटी २६ ची रांग असेल, ती १२८ बाइटांचा ठोकळा भरायला.

ओ ने संपणारे इंग्रजी शब्दही तपासा. १११ अधिक १२८ म्हणजे २३९, आणि इस्कीत २३९ हा लिपी बदलायचा कोड आहे. पुढचा बाइट लिपीचं नाव सांगेल असं समजून कन्व्हर्टर भलतीकडेच जातो.

तळ्याकाठी

खरंच, 'फोटो' या इंग्रजी शब्दानंतर अर्धी ओळ विचित्र झाली होती! पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला, त्यात इस्कीचं कोष्टक स्वतःच भरावं लागलं. पहिलं प्रकरण संदर्भांसकट नीट आलं. आता एकच अडचण: 'दऱ्या' दिसतं बरोबर, पण शोधलं की कधी सापडतं, कधी नाही.

फ्लॉपीवाला

तो ऱ इस्कीत २०८, युनिकोडात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ होतो. काही कीबोर्ड त्याऐवजी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकतात. दिसायला दोन्ही सारखेच. काकांच्या फायलींत पहिलाच प्रकार राहू द्या आणि शोधाच्या शब्दात दुसरा आला तर तो पहिल्यात बदलून मग शोधा.