मदत हवी आहे: कॅल्गरीच्या बर्फात आईला बाहेर कसं न्यायचं?

मंडळी, आई साताऱ्याहून आलीये. वय ७४, दोन्ही गुडघे बदललेले, वॉकर लागतो. डाउनटाउनमधल्या इमारतींना जोडणाऱ्या प्लस १५च्या बंदिस्त पुलांवरून, रस्त्याच्या साधारण १५ फूट वरून, ती मजेत फिरते. अडतं ते घर ते सी-ट्रेन स्टेशन! चिनूक, म्हणजे हिवाळ्यातला उबदार वारा, सुटला की दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री त्याचीच काच होते. त्यात बर्फ काढणारी गाडी नेमका फुटपाथच्या उतारावर ढीग लावून जाते.

वॉकरच्या पायांना लावायचे खिळे कुणी वापरलेत का? फरशीवर तेच घसरतात म्हणे, म्हणून दुमडता येणारे हवेत. बुटांवर चढवायच्या क्लीट्ससाठी (बर्फावर पकड देणारे दातेरी पट्टे) वाकावं लागतं, ते तिला जमत नाही. बसल्या जागी घालता येईल असं काही आहे का? "मला कोंडून घालायला आणलंस का?" असं रोज ऐकतोय.