दुसरा व्हीसीओ जोडला की वरच्या सप्तकांत सूर उतरतो: दोष मल्टचा की ऑसिलेटरचा?

कटऑफ (प्रश्न)

जाणकारांनी कृपया मदत करावी. युरोरॅकची (सुटी मॉड्यूल जोडून बनवायचा सिंथेसायझर) छोटी केस आहे. मिडी-टू-सीव्ही इंटरफेस (मिडी सुरांचे कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे सीव्ही, करणारा), दोन ॲनालॉग सॉ-कोअर व्हीसीओ (व्होल्टेजने सूर बदलणारे, करवतदाती लहरीचे ऑसिलेटर), लो-पास फिल्टर, व्हीसीए (व्होल्टेजने पातळी बदलणारा ॲम्प्लिफायर) आणि १६ स्टेपचा सीक्वेन्सर. पिच सीव्ही इंटरफेसमधून निघून साध्या पॅसिव्ह मल्टमधून (एक सिग्नल नुसत्या तारांनी अनेक ठिकाणी वाटणारा) दोन्ही व्हीसीओंच्या व्होल्ट-पर-ऑक्टेव्ह इनपुटला (१ व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर) जाते.

पहिला व्हीसीओ एकटा जोडला तर ० व्होल्टला ११० हर्ट्झ आणि ४ व्होल्टला १७६० हर्ट्झ मिळतात, म्हणजे चारही सप्तके चोख. दुसरा जोडून दोन्ही ० व्होल्टला ११० वर जुळवले की पुढे असे होते (आधी पहिला, मग दुसरा, हर्ट्झमध्ये):

१ व्होल्ट: २१८.५ / २१८.२
२ व्होल्ट: ४३४.१ / ४३३.०
३ व्होल्ट: ८६२.४ / ८५७.८
४ व्होल्ट: १७१३ / १६९५

आणखी एक. सीक्वेन्सरवर दर पहिल्या स्टेपला सगळे दिवे एकदम लागतात. त्या क्षणी दोन्ही व्हीसीओ ट्यूनरवर २-३ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) खाली जातात आणि परत येतात. इंटरफेस पॉवर सप्लायच्या शेजारी आहे, व्हीसीओ आणि सीक्वेन्सर ५० सेंमीच्या फ्लाइंग बस केबलच्या (मॉड्यूलना पॉवर देणारी रिबन केबल) शेवटच्या टोकाला आहेत.

बफर्ड मल्ट (प्रत्येक आउटपुटला वेगळा ॲम्प्लिफायर असलेला) घेतला की हे सगळे सुटेल का? शेवटी दोन सॉ किंचित सरकवून जाड लीड बनवायचा आहे, पण खालच्या सुरांवर छान डोलणारा आवाज वर गेला की नुसता थरथरतो.

ट्रिमपॉट

आकडे दिलेत हे फार बरे केलेत. त्यावरून सरळ दिसते की इथे तीन वेगवेगळे दोष आहेत आणि बफर्ड मल्टने त्यातला एकच सुटेल.

आधी मल्ट. युरोरॅकमध्ये पिच इनपुटचा इम्पिडन्स साधारण १०० किलोओहम असतो. तुमच्या इंटरफेसच्या आउटपुटला बहुधा १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आहे. एक व्हीसीओ जोडला की १०१ भागांतले १०० भाग पोचतात, म्हणजे १ टक्का व्होल्टेज वाटेतच जाते. दुसरा जोडला की दोन इनपुट समांतर होऊन ५० किलोओहम होतात आणि ५१ तले ५० भाग पोचतात. या दोन स्थितींतला फरक दर व्होल्टमागे ९.७ मिलिव्होल्ट. एक सेंट म्हणजे ०.८३३ मिलिव्होल्ट, त्यामुळे दर सप्तकाला सुमारे ११.६५ सेंट उतरतात. चार सप्तकांत ४६.६ सेंट. १७६० वरून तेवढे खाली आलात की १७१३ च येतात. तुमचा आकडा हिशेबाशी तंतोतंत जुळतोय.

पहिला व्हीसीओ एकटा असताना चोख वाटतो, कारण तो त्या १ टक्क्याच्या तोट्यासकट कॅलिब्रेट झालेला आहे.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पॅसिव्ह मल्टवर दोन्ही व्हीसीओंना एकच व्होल्टेज मिळते. त्यामुळे मल्ट दोघांना मिळून उतरवतो, एकमेकांपासून दूर नेत नाही. १७१३ आणि १६९५ मधली दरी मल्टची नाही. ती दुसऱ्या व्हीसीओची आहे.

पॅचबे

इंटरफेसला स्केलची सेटिंग असेल तर ती १ टक्क्याने वाढवली की झाले. नवीन मॉड्यूल कशाला?

ट्रिमपॉट

@पॅचबे, पॅच कायम तोच राहणार असेल तर चालेल. पण फिल्टरच्या कटऑफला तीच पिच दिली की तिसरा लोड आला आणि स्केल पुन्हा ११-१२ सेंट प्रति सप्तक खाली. एक केबल काढली की उलटे. मॉड्युलरमध्ये दर तासाला पॅच बदलतो, त्यामुळे स्केल लोडवर अवलंबून ठेवणे परवडत नाही. स्टॅक होणाऱ्या केबल वापरल्या तरी तेच, तोही पॅसिव्ह मल्टच.

बफर्ड मल्ट घेताना दोन गोष्टी बघा. आउटपुटचा संरक्षक रेझिस्टर ऑप-ॲम्पच्या फीडबॅक लूपच्या आत असेल तर लोड पडूनही व्होल्टेज हलत नाही. तो लूपच्या बाहेर असेल तर प्रत्येक आउटपुटवर १ टक्का तोटा राहतो, पण तो ठरलेला राहतो. एका आउटपुटला एकच व्हीसीओ लावायचा आणि व्हीसीओचा ट्रिमर (बोर्डवरचा बारीक जुळणीचा स्क्रू) त्यानुसार एकदाच जुळवायचा. दुसरे म्हणजे ऑफसेट. टीएल०७२ सारख्या ऑप-ॲम्पचा ऑफसेट काही मिलिव्होल्ट असतो. त्याने सगळी पट्टी सारखीच सरकते, सप्तकांमधले अंतर बिघडत नाही. फाइन ट्यूनने ते निघून जाते, म्हणून त्याची धास्ती नको.

सबहार्मोनिक

आता दुसरा व्हीसीओ. दोघांतला फरक सेंटमध्ये काढा: १ व्होल्टला अंदाजे २.४, २ व्होल्टला ४.४, ३ व्होल्टला ९.३, ४ व्होल्टला १८.३. दर सप्तकाला जवळपास दुप्पट. स्केलचा ट्रिमर चुकला असता तर फरक समान पायऱ्यांनी वाढला असता, ५, १०, १५, २० असा. दुप्पट होत जाणारा फरक म्हणजे सॉ-कोअरचा रिसेट टाइम.

सॉ-कोअरमध्ये कपॅसिटर चार्ज होतो, ठरावीक पातळीला कम्पॅरेटर उलटतो आणि स्विच कपॅसिटर रिकामा करतो. या रिकामे होण्याला लागणारा वेळ प्रत्येक आवर्तनात तेवढाच असतो. १७१३ हर्ट्झचे आवर्तन ५८३.८ मायक्रोसेकंदांचे, १६९५ चे ५९०. फरक ६.२ मायक्रोसेकंद. खालच्या ११० हर्ट्झला आवर्तनच ९००० मायक्रोसेकंदांहून मोठे, तिथे हे ६ मायक्रोसेकंद कानाला कळतही नाहीत. तुमच्या चारही ओळींत जवळपास तोच ६ मायक्रोसेकंदांचा फरक निघतो, करून बघा.

यावर उपाय एचएफ, म्हणजे हाय-फ्रिक्वेन्सी, ट्रिमर. बहुतेक चांगल्या व्हीसीओंच्या बोर्डवर स्केलच्या ट्रिमरशेजारी तो असतो. ३३४० चिपवर बनलेल्या व्हीसीओमध्ये तर हाय-फ्रिक्वेन्सी ट्रॅकिंगसाठी वेगळी पिनच दिलेली आहे. क्रम मात्र पाळा:

१. मॉड्यूल केसमध्येच ठेवून किमान अर्धा तास चालू ठेवा. बाहेर काढून टेबलावर जुळवलेला व्हीसीओ केसच्या उबेत वेगळा वागतो. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या (पिच व्होल्टेजचा ऑसिलेटरसाठी करंट करणारा भाग) ट्रान्झिस्टरला सप्तकामागे जेमतेम १८ मिलिव्होल्ट लागतात आणि हा आकडा तापमानाबरोबर दर अंशाला ०.३३ टक्के बदलतो. टेम्पको रेझिस्टर (तापमानाचा हा फरक भरून काढणारा) नसेल तर एका अंशाला सप्तकामागे ४ सेंट. टेम्पको असला तरी तो त्या ट्रान्झिस्टरइतका गरम व्हायला वेळ घेतो.

२. पिचची सोडून एफएम (दुसऱ्या सिग्नलने फ्रिक्वेन्सी हलवणारे इनपुट), सिंक, बाकी सगळ्या केबल काढा. एफएमचा नॉब शून्यावर.

३. आधी स्केल, तेही खालच्या भागात. ० व्होल्टला ११०, २ व्होल्टला ४४०. एचएफला अजून हात लावू नका. ४४० च्या खाली असेल तर स्केलचा ट्रिमर किंचित फिरवा, पुन्हा ० व्होल्टवर येऊन फाइन ट्यूनने ११० करा, पुन्हा २ व्होल्ट. स्केल फिरवताना खालचा सूरही हलतो, म्हणून एकाच टोकाला बघत बसलात तर कधीच जुळणार नाही. बघायचे ते गुणोत्तर, बरोबर ४. पाच-सहा फेऱ्यांत येते.

४. मग ५ व्होल्ट द्या. ३५२० हवेत. जेवढे कमी पडतात ते एचएफने भरा. त्यानंतर तिसरी पायरी एकदा तपासा, कारण एचएफने खालचा भागही थोडा हलतो.

सगळ्यात जास्त वाट लागते ती इथेच: एचएफचा तोटा स्केलच्या ट्रिमरने भरून काढला जातो. वरचा सूर जुळतो आणि मधली सप्तके चढतात.

मल्टीमीटरबद्दलही सांगतो. साधा साडेतीन अंकी मीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलिव्होल्टची पायरी दाखवतो, म्हणजे १२ सेंट. त्यावर पिच जुळवण्यात अर्थ नाही. २ व्होल्टच्या रेंजवर १ मिलिव्होल्ट दिसतो, पण १.९९९ च्या पुढे जाता येत नाही. इंटरफेसचे ० ते १ व्होल्ट तिथे तपासा आणि पुढचे सगळे फ्रिक्वेन्सी मोजून करा.

ग्राउंडलूप

तिसरा दोष पॉवरचा आहे आणि तो तुमच्या मांडणीतच दिसतोय.

रिबन केबलची २८ गेजची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम. ५० सेंमीला ०.१ ओहम. ग्राउंडच्या सहा तारा समांतर, म्हणजे साधारण ०.०१८ ओहम, शिवाय कनेक्टरच्या पिनांचा रेझिस्टन्स. सोळा दिवे एकदम लागून १०० मिलिअँपिअर जास्त ओढले गेले की केबलच्या टोकाचे ग्राउंड १.८ मिलिव्होल्ट वर उचलले जाते. व्हीसीओ त्याच टोकाला बसलेले. इंटरफेस सप्लायशेजारी, त्याचे ग्राउंड जागेवर. व्हीसीओ स्वतःच्या ग्राउंडपासून पिच मोजतो, त्याला ती १.८ मिलिव्होल्ट कमी दिसते. झाले २ सेंट. कनेक्टर धरले की तुमचे २-३ सेंट.

खात्री अशी करा. पिचची केबल काढा. इंटरफेसच्या जॅकमध्ये एक पॅच केबल आणि व्हीसीओच्या जॅकमध्ये दुसरी, दोन्हींची दुसरी टोके मोकळी. त्या मोकळ्या टोकांच्या स्लीव्हला (प्लगचा ग्राउंडचा भाग) मीटरच्या दोन पिना लावा, रेंज २०० मिलिव्होल्ट डीसी. सीक्वेन्सरचा क्लॉक इतका हळू करा की एक स्टेप दोन-तीन सेकंद टिकेल, नाहीतर मीटर स्थिर व्हायच्या आत दिवे विझतात. पहिल्या स्टेपला आकडा उडी मारतो का ते बघा.

उपाय: इंटरफेस आणि दोन्ही व्हीसीओ सप्लायजवळ एकत्र आणा. सीक्वेन्सर आणि पुढेमागे येणारी डिजिटल मॉड्यूल सप्लायमधून निघणाऱ्या वेगळ्या केबलवर टाका. फ्लाइंग केबलऐवजी जाड तांब्याच्या पट्ट्यांचा बस बोर्ड लावला तर आणखी उत्तम. हलवाहलव करताना पॉवर बंद. रिबनची लाल कड म्हणजे उणे १२ व्होल्ट, बोर्डवरची खूण बघूनच लावा. दहा पिनांची केबल एक पिन सरकून बसली तरी चिप जाते.

दोन व्हीसीओ जवळजवळ जुळत आणले की बीट्स (जवळच्या दोन सुरांमुळे आवाजाला येणारे हेलकावे) हळू होत होत अचानक थांबतात का, तेही ऐका. तसे झाले तर ते पॉवर लाइनमधून एकमेकांना ओढून लॉक होताहेत. शेजारी न ठेवता मध्ये दोन-तीन मॉड्यूल घाला.

कटऑफ

मीटरवर पहिल्या स्टेपला २.१ मिलिव्होल्टची उडी दिसली. व्हीसीओ सप्लायजवळ आणल्यावर ०.२ च्या वर जात नाही आणि ट्यूनरही स्थिर आहे. दुसऱ्या व्हीसीओच्या बोर्डवर एचएफ लिहिलेला ट्रिमर सापडला, क्रमाने करतो. बफर्ड मल्ट घेणारच. लीडच्या आवाजाचे काय करता येईल?

पॅचबे

दुसऱ्या व्हीसीओच्या लिनिअर एफएमला स्थिर व्होल्टेज द्या. लिनिअर आहे म्हटल्यावर सगळ्या सुरांवर तेवढ्याच हर्ट्झचा फरक पडेल, बीट्सचा वेग सारखा.

सबहार्मोनिक

बहुतेक व्हीसीओंत तसे होत नाही. लिनिअर एफएम तिथे एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या रेफरन्स करंटमध्ये मिसळले जाते आणि तो करंट पुढे पिचने गुणला जातो. म्हणजे फरक टक्क्यांतच पडतो, फाइन ट्यूनने पडतो तसाच. शिवाय अनेक लिनिअर एफएम इनपुट एसी-कपल्ड असतात, स्थिर व्होल्टेज दिले तर सूर क्षणभर हलून जागेवर येतो.

वरचा थरथराट कशाने होतो ते असे: १२ सेंटचा फरक ११० हर्ट्झला सेकंदाला ०.७७ बीट देतो, १७६० ला १२. म्हणून वर जाताना फरक कमी व्हायला हवा. बफर्ड मल्टच्या तिसऱ्या आउटपुटमधून पिच ॲटेन्युव्हर्टरमध्ये (व्होल्टेज कमी किंवा उलटे करणारे मॉड्यूल) न्या, उलटी करून दुसऱ्या व्हीसीओच्या एक्स्पोनेन्शियल एफएमला द्या. सप्तकाला ३ सेंट कमी होतील एवढीच. ० व्होल्टला १२ सेंट चढवून ठेवले असतील तर १ व्होल्टला ९, २ ला ६, ३ ला ३ उरतात. बीट्स ०.७७, १.१५, १.५, १.५. कानाला हा वेग जवळपास एकसारखा लागतो. व्होल्टमागे फक्त अडीच मिलिव्होल्ट लागतात, म्हणून एफएमचा स्वतःचा नॉबही अगदी खाली ठेवा, म्हणजे ॲटेन्युव्हर्टर फिरवायला हाताला जागा मिळते. ४ व्होल्टला दोघे जुळतात आणि त्यापुढे फरक उलटा होतो, तेव्हा लीड त्याच्या आत ठेवा.

मला मात्र दुसरा मार्ग जास्त आवडतो: एकाच व्हीसीओचा पल्स आणि त्याच्या विड्थला त्रिकोणी एलएफओ (मंद गतीचा ऑसिलेटर). पल्स म्हणजे एकाच कोअरच्या दोन सॉमधला फरक, विड्थ सरकवली की त्यातला एक सॉ दुसऱ्यामागे सरकतो. एलएफओ ०.५ हर्ट्झ आणि विड्थ २० ते ८० टक्के ठेवली तर एका सेकंदात ०.६ आवर्तन सरकते. म्हणजे मूळ सुराला ०.६ हर्ट्झचा डिट्यून, कुठल्याही सप्तकात तेवढाच. दोन्ही कडा एकाच कोअरच्या असल्याने ट्रॅकिंगचा प्रश्नच येत नाही. विड्थ ९० च्या पुढे नेऊ नका, आवाज बारीक होऊन मधूनच गायब होतो. दुसरा व्हीसीओ मग एक सप्तक खाली सॉवर ठेवा, मिक्सरमध्ये पहिल्याच्या निम्म्या पातळीला.