पारधी वस्तीवरून ‘चौकशीसाठी’ रात्री उचलून नेलं, तर पहिल्या चोवीस तासांत नेमकं काय करायचं?

पालावरचा (प्रश्न)
आसपास घरफोडी झाली की स्थानिक गुन्हे शाखेचे लोक साध्या वेशात वस्तीवर येतात, दोन-तीन पोरांना गाडीत घालून नेतात. ठाण्यात विचारलं तर “आमच्याकडे नाहीत” असं उत्तर. दोन दिवसांनी अटक दाखवतात आणि सोबत चार-पाच जुने गुन्हे ‘उघडकीस’ येतात. वस्तीत वकील नाही, शिकलेली एक-दोन मुलं आहेत. त्यांच्या हाती देता येईल असं कुणी सविस्तर सांगेल का? मोर्चा-निवेदनं करून झाली आहेत.

रिमांड_वकील
सगळा खेळ उचलल्यापासून अटक दाखवेपर्यंतच्या वेळेचा आहे. मारहाण त्या वेळात होते, कबुल्या त्या वेळात होतात आणि कागदावर ती वेळ नसतेच. पोलिसांच्या आधी तुमचा कागद तयार झाला पाहिजे, तोही वेळेसकट.

गाडी वस्तीतून निघाली की लगेच ११२ ला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मग तासाभरात एक पानी ई-मेल : कुणाला नेलं, वय, कुठून, किती वाजता, गाडीचा नंबर, गणवेशात की साध्या कपड्यात, पाहणारे कोण, चालू औषध असेल तर ते. भाषण नको, मागण्यांची यादी नको. हाच मेल पोलीस अधीक्षक, उपविभागीय पोलीस अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना एकदमच पाठवा. सकाळी त्याची छापील प्रत ठाण्यात द्या. पोच देत नाहीत हे गृहीत धरा. पोस्ट उघडताच रजिस्टर एडीने पाठवा.

अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. ते तास मोजायचे माणसाची मोकळीक गेली त्या क्षणापासून. अटक पंचनाम्यावर पडलेल्या वेळेपासून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन प्रकरणात हे सांगितलं आहे. तुमचा रात्रीचा मेल इथे कामाला येतो. दुसऱ्या दिवशीही पत्ता लागला नाही, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर आणायला लावणारी याचिका. त्यालाही हाच मेल जोडायचा.

रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी कोर्टात उभं करतात तेव्हा, तीन गोष्टी बघा. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का? सर्वोच्च न्यायालयाच्या मिहीर शहा निकालानुसार (नोव्हेंबर २०२५) ती रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात पडायला हवीत. अटक पंचनाम्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही आहे का (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, कलम ३६)? पंच म्हणून नेहमीचा ठरलेला माणूस असेल तर ते नाव टिपून ठेवा. आणि वैद्यकीय तपासणीची प्रत मागा (कलम ५३). डॉक्टर शिपायासमोरच “काही दुखतंय का?” विचारतात, पोरगा “नाही” म्हणतो, अहवालात ‘ताज्या जखमा नाहीत’ येतं. कोर्टातही तेच. “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” या प्रश्नाला आरोपी मान हलवून नाही म्हणतो, कारण रात्री त्याला त्याच माणसाबरोबर परत जायचं असतं. म्हणून तोंडी बोलण्यावर सोडू नका. वकिलाने लेखी अर्ज द्यावा आणि उचलल्याची वेळ रोजनाम्यात घ्यायला लावावी.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. फक्त तो रिमांडच्या आधी भेटला पाहिजे, कोर्टाच्या दारात नव्हे.

जुने_दप्तर
वरचं बरोबर. सीसीटीव्हीचं राहिलं. परमवीर सिंग सैनी निकाल (२ डिसेंबर २०२०) म्हणतो की ठाण्याचं गेट, लॉकअप, व्हरांडे, निरीक्षकांची खोली हे सगळं कॅमेऱ्यात असावं आणि चित्रण अठरा महिने जपावं. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात महिन्याभराने मागितलं की ‘हार्ड डिस्क खराब’ असं उत्तर येतं. म्हणून पहिल्याच मेलमध्ये लिहा : अमुक तारीख, अमुक वाजेपासून अमुक वाजेपर्यंत, गेट आणि व्हरांड्याचं चित्रण राखून ठेवावं. वेळ न देता ‘फुटेज द्या’ लिहिलं तर अर्ज निकाली काढायला सोपा जातो.

जप्तीचा पंचनामाही बघा. बीएनएसएस कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. ‘आरोपीने काढून दिलं’ म्हणतात त्या क्षणाची क्लिप आहे का, ते पहिल्याच जामीन अर्जात विचारा.

तांडा_ते_तहसील
चार-पाच गुन्हे लावण्याचा खरा तोटा लोकांच्या ध्यानात येत नाही. बीएनएसएस कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, इतरांना निम्म्यावर (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून). पण त्याच कलमाचं पोटकलम २ म्हणतं की एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तर ही सवलत नाही. म्हणजे जुन्या प्रलंबित चोऱ्या एकाच पोराच्या नावावर टाकल्या की दार आपोआप बंद. गरिबांसाठी केलेली तरतूद ज्यांना सगळ्यात जास्त लागते त्यांनाच लागू होत नाही, हे माझ्या मते या कलमातलं सगळ्यात मोठं भगदाड आहे.

उपाय म्हणजे तक्ता. गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, त्या गुन्ह्यात ताबा घेतल्याची तारीख, ६० किंवा ९० वा दिवस, जामिनाची तारीख, जामिनाची रक्कम. प्रत्येक गुन्ह्याचे दिवस वेगळे मोजले जातात. एकात दोषारोपपत्र आलं म्हणून दुसऱ्यातला मुदतीचा जामीन (६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र न आल्यास मिळणारा) जात नाही, पण अर्ज त्याच दिवशी पडला पाहिजे. नियमित जामिनाचा मार्ग कलम ४७९ बंद करत नाही, हेही वकिलाला आठवण करून द्या.

जामीन होऊनही पोरं आत राहतात, कारण ऐपतदार जामीनदार मिळत नाही. सातबारा कुठून आणणार? स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, आणि महिनाभरात सुटका झाली नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे. ते जोडून रक्कम कमी करण्याचा अर्ज करा.

पालावरचा
फार उपयोगी. ॲट्रॉसिटी लावता येईल का पोलिसांवर?

रिमांड_वकील
जातीवर अवलंबून आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना कायदा लागू. राजपारधी, वडार विमुक्त जातीत, त्यांना नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त. एकाच पालावर दोन कायदे, अशी गत आहे. लागू असेल तर कलम ३(१)(पी), म्हणजे खोटी फौजदारी, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी लागत नाही (१८अ). तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. जातीचा दाखला काढायला आजच सुरुवात करा. १९५० पूर्वीचा पुरावा नसलेल्या कुटुंबांत तो महिनोन्‌महिने अडकतो आणि गृहचौकशीवर भिस्त राहते.

जुने_दप्तर
आणखी एक. मागच्या खटल्यांतून निर्दोष सुटलेल्यांच्या निकालाच्या नकला घेऊन अधीक्षकांकडे हिस्ट्रीशीट (पोलिसांनी सराईत म्हणून ठेवलेली नोंद) तपासून नाव कमी करण्याचा अर्ज करा. निर्दोष सुटल्याने ते आपोआप निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात (मे २०२४) मागास समाजातल्या लोकांची नावं जातीवरून यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये टाकू नयेत म्हटलं आहे आणि सुकन्या शांता निकालात (ऑक्टोबर २०२४) विमुक्तांची मनमानी अटक होऊ नये म्हणून त्याचाच हवाला दिला आहे. दोन्हींची पानं जोडा. तडीपारीची महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ ची नोटीस आली तर हेच कागद लागतात, आणि आदेश झाला तर शासनाकडे अपिलाला फक्त ३० दिवस असतात.