भावाला हिमोफिलिया आहे, संडास डांबरासारखी काळी होतेय. आधी दुर्बीण की आधी फॅक्टर?

गेवराईची ताई: धाकटा भाऊ २४ वर्षांचा, हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ अंगात जवळजवळ नाहीच. कापूस वेचताना गुडघा सुजला. फॅक्टरसाठी बीडला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून आठ दिवस खाल्ल्या. आज पहाटे ओट्यावरच चक्कर आली. संडास काळीकुट्ट, चिकट, बादलीभर पाणी ओतलं तरी भांडं सोडेना. नखं पांढरी पडलीत. इथल्या दवाखान्यात म्हणतात, आधी तोंडातून पोटात दुर्बीण टाकून बघू. मी नको म्हणाले. चुकलं का माझं? बाहेर बाकड्यावर बसून लिहितेय.

अंबाजोगाईकर: ताई, चुकलं नाही. पण तिथं थांबू नका, काळी संडास म्हणजे पोटात रक्त सुटलंय, बरंच गेलंय. १०८ बोलवा आणि सिव्हिल किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जिथं फॅक्टर आठ शिल्लक असेल तिथं न्या. वाटेतच फोन करून विचारा. फॅक्टर आधी, दुर्बीण त्यानंतर. दुर्बीण लागतेच, पण फॅक्टर न देता आत काही केलं तर तिथूनच नव्यानं रक्त सुटतं. वजन किती त्याचं?

गेवराईची ताई: ५६ किलो. गाडी निघाली.

अंबाजोगाईकर: किलोमागे १ युनिट दिलं की रक्तातलं फॅक्टर साधारण २ टक्के वाढतं. शंभर टक्क्यांपर्यंत न्यायला किलोमागे ५०, म्हणजे ५६ किलोला २८०० युनिट. डोस डॉक्टरच ठरवतील, पण हिशेब तुमच्याजवळ असू द्या. आठ-बारा तासांत निम्मं उतरतं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मला पोटात अल्सर म्हणजे जखम होती. तिसऱ्या दिवशी संडास पिवळी झाली, म्हणून मी हट्टानं फॅक्टर थांबवून घरी आलो. पाचव्या दिवशी परत काळी. आठवडाभर तरी फॅक्टर बंद होऊ देऊ नका, लई कळवळून सांगतोय.

लातूरची सिस्टर: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन असल्या दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद, त्यांनी पोटातून रक्त सुटतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नका, शिरेतूनच. फॅक्टर देऊनही रक्त थांबेना तर इनहिबिटरची, म्हणजे फॅक्टरलाच निकामी करणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी करायला सांगा. पुढं एच. पायलोरीचीही करून घ्या, त्या जंतूनं अल्सर होतो.

परभणीची आई: कुणाला वॉन विलेब्रँड (रक्त नीट न गोठण्याचा दुसरा आजार) असेल तर नुसतं फॅक्टर आठ पुरत नाही. त्यात वॉन विलेब्रँड फॅक्टरही असलेली बाटली लागते. माझ्या मुलीच्या वेळी बाटलीवरचं नाव आम्हीच वाचून बघितलं.

गेवराईची ताई: दाखल केलं. पहिला डोस गेला, रक्ताची पिशवी चालू आहे. दुर्बीण संध्याकाळी. शर्टाच्या खिशात त्याच गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली, ती डॉक्टरांना दाखवायला जवळ ठेवलीय.