मदत हवी आहे: संग्रहासाठी हाताने घडवलेले तंबाखूचे पाइप, बजेट पाच हजारांच्या आत (मुंबई)

नमस्कार मंडळी,

तंबाखूचे पाइप जमवायला घेतलेत. ओढायला नाही, आमच्या घरात कोणी ओढत नाही. मला त्यातलं लाकूडकाम आवडतं. बाबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने घडवायचे, त्यामुळे लाकडाची वस्तू दिसली की हातात घेऊन उलटीसुलटी करून बघायची सवय लहानपणापासूनची. पाइपमध्ये दांडीच्या भोकात नळीची (तोंडात धरतात तो भाग) खुंटी बसते तो सांधा बघा. नख फिरवलं तर फट लागू नये, आणि तरी हलक्या हाताने पिळून नळी बाहेर यावी. एवढं नेमकं काम मुठीत मावणाऱ्या वस्तूत असतं, म्हणून हा नाद लागला.

अडचण पैशाची आहे. नावाजलेल्या कारागिरांचे पाइप शेकडो डॉलरांना जातात. माझी झेप एका पाइपला चार, फार तर पाच हजार.

आतापर्यंत मला कळलंय ते असं. चांगला पाइप ब्रायरचा. भूमध्य समुद्राच्या आसपास एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी जी गाठ धरते ते ब्रायर. ती गाठ कापून उकळतात आणि मग महिनोन् महिने सुकवतात. तापलं तरी हे लाकूड सहजी जळत नाही. पण शेवटी गाठच ती, आत बारीक खळगे, कधी खडे निघतात, आणि ते कापल्यावरच कळतं. उभ्या ज्वाळांसारख्या रेषांचा, एकही खोट नसलेला गुळगुळीत पाइप क्वचितच हाती लागतो म्हणून महाग. खोट निघाली की पुट्टी भरून गडद रंग देतात, नाहीतर वाळूचा फवारा मारून किंवा हत्याराने कोरून सगळा पृष्ठभाग खडबडीत करतात. हे स्वस्त पडतात. आणि मला नेमके हेच हवेत! कोरलेल्या पाइपवर पटाशी कुठून कुठे गेली ते दिसतं. गुळगुळीत पाइपमध्ये निसर्गाची करामत जास्त, माणसाचा हात कमी, असं माझं मत.

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एका दुकानात ग्रामोफोनच्या सुट्या भागांच्या खोक्यात एक पाइप बघून ठेवलाय. दांडी वाकडी, बाऊलवर, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीवर, झाडाच्या सालीसारखं कोरीवकाम. काठ एका बाजूने जळून काळा पडलाय, आत काजळीचा जाड थर. नळी मुळात काळी असणार, आता शेवाळी-तपकिरी झालीय. दांडीच्या खालच्या बाजूला 'ब्रुयेर गारंती' असा ठसा, शेवटची अक्षरं पुसट. नळी पिळून बघितली, हलली नाही. जोर लावायची हिंमत झाली नाही. साडेतीन हजार सांगताहेत.

हा घ्यावा का? अडकलेली नळी निघते का? आणि नवा घ्यायचा तर कारागिराच्या धाटणीचा पाइप या पैशांत कुठला बघू? ऑनलाइन शिसवीचे खूप दिसतात, पण बरेच जण नुसतं 'लाकडी पाइप' लिहून मोकळे होतात. आणखी एक डोक्यात आहे: सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करतात, तिथल्या एखाद्या लेथवर लाकूड कातणाऱ्या कातारी काकांकडून करून घेता येईल का?

प्रतिसाद १

ताई, मी गिरगावात राहतो, जुने पाइप साफ करून ठेवतो. तो ठसा लाकूड ब्रायरचं असल्याची हमी देतो, कारखान्याचं नाव सांगत नाही. फ्रान्समध्ये साँ-क्लोद नावाचं गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायरचे पाइप होतात, आणि असा ठसा असंख्य फ्रेंच पाइपांवर सापडतो. वस्तू चांगली असेल, दुर्मीळ नाही. दीड हजारापर्यंत आणा, दोनच्या वर जाऊ नका.

नळी दुकानात पिळू नका. आत जुना चिकटा सुकून गोंदासारखा झालेला असतो, जोर केला तर दांडी चिरते आणि मग वस्तू गेली. घरी आणून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा, नळी लाकडापेक्षा जास्त आकसते. मग हळूहळू, एकाच दिशेला फिरवत काढा. नाही निघाली तर आतून अल्कोहोल सोडा, रात्रभर राहू द्या, पुन्हा करा.

घ्यायच्या आधी मोबाइलचा टॉर्च बाऊलमध्ये मारून बघा. काजळीला उभी भेग दिसली तर लाकूडही तडकलेलं असू शकतं, तो पाइप सोडा. काठ जळलेला चालतो, तो घासून निघतो. नळी शेवाळी झालीय म्हणजे ती एबोनाइटची (कडक केलेलं रबर), उन्हाने तसं होतं. ओल्या पॉलिश पेपरने चारशे नंबरपासून सुरू करून दोन हजारापर्यंत या, काळीभोर होईल. ठशाच्या अंगाला मात्र पेपर लावू नका, तो ठसा गेला की पाइपची ओळखच गेली.

शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावर जुना माल मांडतात. एकदा त्या वेळी चक्कर मारा. आणि नळी हस्तिदंताची म्हणून कोणी भाव चढवला तर तिथून निघा. हस्तिदंताचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे.

प्रतिसाद २

कारागिराची धाटणी आणि कारखान्याची किंमत हवी असेल तर स्टॅनवेल या डॅनिश कंपनीचे जुने पाइप शोधा, 'मेड इन डेन्मार्क' ठशाचे. सिक्स्टेन इव्हारसन हा डॅनिश पाइपकलेतला फार मोठा माणूस, त्याने या कंपनीसाठी आकार काढून दिले होते. पाइप यंत्रावर झाला तरी रेषा त्याच्या हातची आहे. वापरलेले परदेशी साइटवर तुमच्या बजेटच्या जवळपास येतात, पण कस्टम्स ड्युटी धरताना टपालखर्चही किमतीत मिळवतात हे हिशेबात घ्या. इथे दुकानात नवा घेतलात तर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाइपवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. परदेशातून येणारं कोणी नात्यातलं असेल तर त्यांना सांगा.

पोलंडमध्ये प्शेमिशल गावात नाशपातीच्या लाकडाचे होतात, ते ब्रायरपेक्षा स्वस्त. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९ पासून मक्याच्या कणसाचे पाइप करतात. संग्रहात एक तरी हवाच, इतका साधा आणि इतका अचूक. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा पांढरा मीरशॉम दगड कोरलेला बघाल तर भुलाल, पण चुरा दाबून केलेलेही त्याच नावाने विकतात. हातात घेतल्याशिवाय घेऊ नका.

प्रतिसाद ३

ताई, आम्ही कुडाळचे. चितारआळीतली परंपरा पांगाऱ्याच्या लाकडावरची, ते मऊ आणि हलकं. लाखेचा रंग त्यावर सुंदर चढतो, पण पाइपला उपयोग नाही. शिसव द्याल तर बाऊल छान कातून देतील. अडेल ते भोकापाशी. दांडीचं भोक बाऊलच्या तळाशी बरोबर मध्यावर उघडायला हवं, म्हणजे तुकडा लेथवर दोनदा, दोन कोनांत धरावा लागतो. त्यापेक्षा भोकं पाडलेला, नळी बसवलेला ब्रायरचा ठोकळा परदेशी विक्रेत्यांकडे मिळतो, तो मागवा आणि कानस घेऊन स्वतःच बसा. पॅटर्नमेकरच्या लेकीला ते जमणार नाही तर कोणाला!

मूळ धागालेखिका

तिघांचेही मनापासून आभार. दादा, फ्रीझरचं वाचून जीव भांड्यात पडला. मटण स्ट्रीटचा पाइप दोन हजारांच्या आत आला तर घेते, टॉर्च मारून बघूनच. कुडाळच्या दादांचा ठोकळा डोक्यातून जात नाहीये. बाबांच्या कानशी अजून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात, त्यातली अर्धगोल कानस दांडीच्या आतल्या वळणाला लागेल.

फक्त एवढं सांगा: मुलुंडला आमच्या घरात पावसाळ्यात चपलांनाही बुरशी धरते. अर्धवट घासलेलं, पॉलिश न झालेलं ब्रायर जूनमध्ये उघडं ठेवलं तर दमट हवेने नळीचा सांधा घट्ट होऊन बसेल का? तसं असेल तर ठोकळा दिवाळीनंतरच मागवते.