"आमच्या वेळी काही झालं नाही" – काकूंना उत्तर

घोडबंदरची आई: सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकूंनी लिहिलं, "उष्टावण झालं की आम्ही सफरचंदाची फोड हातात द्यायचो. आताच्या आया उगाच बाऊ करतात." डोकंच फिरलं. माझ्या सात महिन्यांच्या लेकीला नणंदेनं अशीच फोड दिली. दोन इवलेसे दात. तिनं तुकडा तोडला आणि आवाजच बंद. खोकला नाही, रडणं नाही. हातावर पालथी घेऊन, डोकं खाली करून पाठीत थापा मारल्या. चौथ्या थापेला नखाएवढा तुकडा पडला. कच्चं सफरचंद बंद! वाफवा, दोन बोटांत चिरडलं गेलं तरच द्या.

नौपाड्याची आजी: सफरचंद हवंच कशाला? वेलची केळं कुस्करावं, चिकू द्यावा. मी तर मधात कालवून द्यायचे.

घोडबंदरची आई: आजी, वर्षाच्या आत मध नाही! बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आणि चिकूची बी काढा, तिच्या टोकाला आकडा असतो.

नौपाड्याची आजी: तीन मुलं वाढवलीत मी. बी काढायचं मला शिकवतेस?

वाशीकर: केळं-चिकू राहू द्या, फळं पिकवायला वापरतात त्या कार्बाइड पावडरचं बोला. एपीएमसीतून, म्हणजे घाऊक बाजारातून येणारं सगळं फळ विषारी.

गाळेवाल्याचा पुतण्या: सगळ्यांना एका माळेत ओवू नका! कार्बाइडवर बंदी आहे. आमच्याकडे इथिलीनच्या खोलीत पिकवतात, फळं पिकताना स्वतःच सोडतात तो वायू. 100 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 100 भाग) परवानगी आहे.

वाशीकर: बंदी फुटपाथवरच्या गाड्यांनाही आहे, दिसते का कुठे? मे महिन्यात हापूसच्या पेटीत पुडी निघाली माझ्या.

गाळेवाल्याचा पुतण्या: पुडी इथिलीनचीही असते. कार्बाइडला लसणासारखा वास येतो, तसा होता?

वाशीकर: होता. नाकात बसला होता.

गाळेवाल्याचा पुतण्या: मग घ्या, तुम्ही जिंकलात. पेटी त्याच्या तोंडावर मारायची होती, इथे येऊन आमच्या पोटावर पाय कशाला?

ऐरोलीचे बाबा: अहो, धागा बाळाचा आहे! आम्ही पपई, संत्रं, स्ट्रॉबेरी एकाच दिवशी चाखवली. संध्याकाळी तोंडाभोवती लाल पुरळ, आणि कशानं ते काही कळेना. तेव्हापासून एक फळ, तीन दिवस, मग दुसरं. द्राक्षं उभी चिरून चार भाग. रस तर वर्षाचं होईपर्यंत नकोच.

वाशीकर: आणि धुणार कशानं? नळाच्या पाण्यानं?

नौपाड्याची आजी: बरं बाई, मध बंद. सफरचंदही वाफवते. पण मिक्सर आणून ठेवलाय ना सुनेनं, तो उचला. चमच्यानं कुस्करता येतं मला.