आपल्या नावावर भलत्यानेच कर्ज काढलं? अनुभव लिहा

मागच्या वर्षी होमलोनसाठी गेलो तर बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, तुमचं १८,०००चं पर्सनल लोन थकलंय. अहो मी साधं क्रेडिट कार्ड वापरत नाही! सिबिल रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंदवही) काढला तर कंपनीचं नावही कधी ऐकलेलं नाही, नंतर कळलं कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचं नाव वेगळं असतं आणि मागून पैसे देणारी एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) वेगळी. नोंद चुकीची आहे असा डिस्प्यूट टाकला तर तो 'माहिती बरोबर आहे' म्हणून बंद, कारण ब्युरो (सिबिलसारखी रिपोर्ट बनवणारी कंपनी) स्वतः काही खोडत नाही, ज्याने घोळ घातला त्यालाच विचारतो. मग सायबरची ऑनलाइन तक्रार केली आणि तिची कॉपी जोडून कंपनीच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी) मेल, अ‍ॅग्रीमेंट द्या, केवायसीचा फोटो द्या आणि पैसे कुठल्या खात्यात टाकले ते सांगा. खात्याचं विचारल्यावर गाडी जरा हलली. पॅन माझं, सेल्फी भलत्याच पोराची! तरी वर म्हणे ५,००० भरा, सेटल करू. नाही भरले. ३० दिवस उलटल्यावर आरबीआय लोकपालाकडे गेलो (फुकट असतं), तेव्हा कुठे एंट्री गेली. तुमचं काय झालं?

*

सेटल करू नकाच. मी वैतागून ७,००० भरून बसले, आता रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलंय, म्हणजे कर्ज माझंच आणि मीच ते अर्धवट फेडलं.

*

आमच्याकडे वसुलीवाले रात्री साडेनऊला सासूबाईंना फोन करायचे. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करायचा नाही असा आरबीआयचा नियम आहे, हे एकाला ऐकवलं तर म्हणतो, मॅडम आमची शिफ्टच आत्ता सुरू होते 😡 कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, तक्रारीला तेच लावले.

*

एप्रिल २०२४पासून ३० दिवसांत रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये मिळतात. मला १,९०० आले, दोनदा मागितल्यावर.

*

मी न्यू जर्सीत. इकडे तिन्ही ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीज करता येतं, २०१८पासून फुकट. फ्रीज असलं की नवीन कर्जासाठी कुणाला रिपोर्टच दिसत नाही. मी मात्र कार्डाचं बिल आल्यावर जागा झालो.

*

धागाकर्ते, होमलोन झालं का शेवटी?

*

झालं. पण चार महिने गेले, तो फ्लॅट दुसऱ्याने घेतला.